साखरेचं कुलूप : शुक्र आपल्याला कळला कसा

१९६७ साली सोव्हिएत अभियंत्यांनी शुक्रावर एक यान धाडलं. त्यातून ग्रहावर उतरणाऱ्या गोल कुपीला त्यांनी एक कुलूप बसवलं होतं, आणि ते साखरेचं होतं. कुपी पाण्यात पडलीच तर साखर विरघळेल, कुलूप सुटेल आणि आतला अँटेना बाहेर येईल, असा हिशेब होता. कुपी तरंगेल याचीही सोय केलेली होती. यानाचं नाव व्हेनेरा ४.

शुक्राच्या संशोधनाची गोष्ट मला नेहमी या कुलपापासून सुरू करावीशी वाटते. ज्यांनी ते बसवलं ती माणसं त्या काळातली सर्वात हुशार अवकाश-अभियंते होती. पण आपल्याला सर्वात जवळ येणाऱ्या ग्रहावर समुद्र आहे की भट्टी, हे त्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. शुक्र आपल्यापासून चार कोटी किलोमीटरपर्यंत जवळ येतो, मंगळ कधीच इतका जवळ येत नाही. आकारानंही तो पृथ्वीचा सख्खा भाऊ शोभावा असा. त्याचा व्यास १२,१०४ किलोमीटर, आपला साधारण १२,७५०. संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी लखलखते तेव्हा चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात तिच्याइतकं तेजस्वी काही नसतं.

ते तेज हीच अडचण होती. शुक्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी तीन चतुर्थांश प्रकाश त्याचे ढग परत फेकतात. म्हणून तो चमकतो, आणि म्हणूनच आतलं काही दिसत नाही. गॅलिलिओनं १६१० मध्ये दुर्बिणीतून शुक्राच्या चंद्रासारख्या कला पाहिल्या, पण त्यापुढची साडेतीनशे वर्षं दुर्बिणी मोठ्या होत गेल्या तरी दिसत राहिला तो पांढरट पडदाच. ढग आहेत म्हणजे पाऊस असेल, पाऊस आहे म्हणजे दलदल असेल, कदाचित जंगलंही असतील, असे तर्क विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनीही केले.

पडद्याला पहिलं भोक पाडलं रेडिओलहरींनी. कोणतीही तापलेली वस्तू थोड्याफार रेडिओलहरी बाहेर टाकत असते आणि ढग या लहरींना अडवत नाहीत. १९५६ साली वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी रेडिओ दुर्बीण शुक्राकडे वळवली, तर तापमान निघालं ३०० अंश सेल्सिअसच्या वर. आता प्रश्न असा, की हे तापमान कशाचं? जमिनीचं, की वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थराचं? थर चमकत असेल तर खाली बिनधास्त समुद्र असू शकतो.

याचा निकाल लावायची युक्ती फार सुंदर आहे. धुक्यापलीकडे शेकोटी पेटली आहे असं समजा. समोरून सरळ पाहिलं तर मधे थोडं धुकं येतं, तिरकं पाहिलं तर जास्त धुक्यातून पाहावं लागतं आणि आग मंद दिसते. पण धुकंच स्वतः चमकत असेल, तर उलट तिरकं पाहिल्यावर चमक वाढेल. ग्रहाच्या मध्याकडे पाहणं म्हणजे सरळ पाहणं, कडेकडे पाहणं म्हणजे तिरकं. १४ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेचं मरिनर २ शुक्राजवळून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळ जाऊन माहिती पाठवणारं हे पहिलं यान. त्यानं शुक्राची तबकडी मध्यापासून कडेपर्यंत तपासली, आणि कडा मंद निघाल्या. आग खाली होती.

तरीही सगळ्यांची खात्री पटली नाही, म्हणून ते साखरेचं कुलूप. १८ ऑक्टोबर १९६७ ला व्हेनेरा ४ ची कुपी पॅराशूटला लटकत खाली उतरू लागली. दुसऱ्या ग्रहाच्या हवेत शिरून तिथूनच मोजमाप कळवणारी ती पहिली वस्तू. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची निघाली. तापमान २६० अंशांच्या वर गेलं, दाब पृथ्वीच्या २२ पट झाला, आणि संदेश थांबला. आधी वाटलं, कुपी जमिनीला टेकली. पण दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरिनर ५ शुक्रामागून गेलं. त्याच्या रेडिओलहरी शुक्राच्या हवेतून येताना किती वाकल्या, त्यावरून दाबाचा हिशेब झाला, आणि दोन्ही आकडे जुळवल्यावर कळलं की कुपी बंद पडली तेव्हा जमीन अजून पंचवीसेक किलोमीटर खाली होती. म्हणजे खाली याहून किती तरी भयंकर काही होतं. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन वैरी देशांची माहिती एकत्र ठेवूनच हे उत्तर मिळालं, याची मला आजही अपूर्वाई वाटते.

१५ डिसेंबर १९७० ला व्हेनेरा ७ पोचलं. तोवर अभियंते शहाणे झाले होते. या कुपीचं कवच १८० पट दाब सोसेल इतकं जाड केलं होतं. उतरताना पॅराशूट दगा देऊन गेलं, कुपी दाणकन आपटली आणि आवाज बंद पडला. संपलं असं सगळ्यांनी मानलं. नंतर ध्वनिमुद्रित फिती बारकाईनं तपासल्या, तेव्हा खरखरीत दडलेला अगदी क्षीण, नेहमीच्या जेमतेम एक टक्का ताकदीचा संदेश सापडला. कुपी बहुधा कलंडून पडली होती, अँटेना भलतीकडे वळला होता, पण ती २३ मिनिटं एकच आकडा कळवत राहिली होती. तापमान ४७५ अंश. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसाला मिळालेली ती पहिली खबर.

आज आपल्याला पक्कं माहीत आहे की शुक्राच्या जमिनीवर साधारण ४६५ अंश तापमान असतं, दिवसा, रात्री, ध्रुवांवर, सगळीकडे जवळपास सारखंच. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० ला. दाब पृथ्वीच्या ९२ पट, म्हणजे समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या जेमतेम दुप्पट असतो, यावरून कल्पना करा.

इथे बहुतेकांची एक गैरसमजूत असते, माझीही बरीच वर्षं होती, की शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापलेला आहे. ऊन त्याच्या वाट्याला पृथ्वीच्या जवळपास दुप्पट येतं खरं. पण ढग त्यातलं इतकं परत पाठवतात की ग्रह प्रत्यक्षात जे ऊन शोषून घेतो ते पृथ्वीपेक्षाही कमी भरतं. नुसत्या त्या उन्हावर भागवायचं झालं असतं तर शुक्राचं तापमान उणे ४० अंशांच्या आसपास राहिलं असतं. उरलेला पाचशे अंशांचा फरक सगळा हवेचा आहे. मे महिन्यात उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी आत कशी तापते, तसा काहीसा प्रकार. ऊन आत शिरतं, जमीन तापते, तापलेली जमीन उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकू पाहते, आणि कार्बन डायऑक्साइड ती वाटेतच धरतो. (गाडीत मुख्यतः गरम हवा कोंडल्यामुळे ताप वाढतो, शुक्रावर किरण अडल्यामुळे. तुलना अर्धीच खरी आहे, पण घाम पुसताना समजून घ्यायला पुरेशी.) शुक्राची ९६.५ टक्के हवा कार्बन डायऑक्साइडची आहे आणि तीही पृथ्वीच्या सगळ्या हवेच्या नव्वदपट वजनाची.

मग पृथ्वीवर एवढा कार्बन डायऑक्साइड नाही का? आहे, जवळजवळ तितकाच. फक्त तो आपल्या डोक्यावर नाही, पायाखाली आहे. पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळतो, ते पाणी खडक झिजवतं, झीज समुद्रात जाते आणि तिथे चुनखडी बनून तळाशी बसते. पृथ्वीवरच्या चुनखडीतला सगळा वायू मोकळा केला तर आपली हवाही शुक्राच्या जवळपास जाईल. हे सगळं कामकाज पाण्यावर चालतं. शुक्रावर पाणी नाही, म्हणून तिथला कार्बन हवेतच राहिला.

पाणी गेलं कुठे, याचा माग हायड्रोजननं दिला. हायड्रोजनचा एक जुळा भाऊ आहे, ड्यूटेरियम. रासायनिक स्वभाव तोच, वजन दुप्पट. सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटली की हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, जड ड्यूटेरियम मात्र जास्त करून मागे राहतो. मळणीनंतर वाऱ्यावर धान्य उफणताना भूस उडतं आणि दाणे खाली राहतात, तसं. खाली दाणेच दाणे दिसले की समजावं, पुष्कळ भूस उडून गेलंय. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनस मोहिमेच्या एका कुपीनं शुक्राच्या हवेत उतरताना हे प्रमाण मोजलं, तर ड्यूटेरियमचा वाटा पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त निघाला. शुक्रावर कधी काळी भरपूर पाणी होतं, हे त्यावरून मानतात. ते समुद्र होऊन साचलं का, यावर मात्र आज दोन तट आहेत. नासाच्या मायकेल वे यांच्या गटानं २०१६ मध्ये संगणकावर दाखवलं, की समुद्र दोन अब्ज वर्षांपर्यंत टिकू शकला असता. २०२१ मध्ये मार्टिन टर्बे आणि सहकाऱ्यांनी उलटं दाखवलं, की सुरुवातीची वाफ कधी थंड होऊन बरसलीच नसावी. म्हणजे साखरेच्या कुलपाची कल्पना चुकीची होती, की नुसती काही अब्ज वर्षं उशिराची, याचा निकाल अजून लागायचा आहे.

पण जमिनीवर परत येऊ. २२ ऑक्टोबर १९७५ ला व्हेनेरा ९ नं दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरचा पहिला फोटो पाठवला. ढगांखाली मिट्ट काळोख असेल म्हणून बरोबर दिवे दिले होते, त्यांची गरजच पडली नाही. आपल्याकडे आषाढात आभाळ गच्च भरून येतं तेव्हा असतो तसला उजेड तिथे होता. त्यानंतरच्या व्हेनेरा ११ आणि १२ च्या कॅमेऱ्यांवरची झाकणंच उघडली नाहीत. कोट्यवधी किलोमीटर जाऊन, त्या नरकात धडधाकट उतरून, डोळ्यांवर झाकण तसंच! १ मार्च १९८२ ला उतरलेल्या व्हेनेरा १३ ची झाकणं नीट उडाली आणि रंगीत फोटो मिळाले. चारच दिवसांनी आलेल्या व्हेनेरा १४ ची झाकणंही उडाली, पण त्यातलं एक नेमकं अशा जागी पडलं जिथे जमिनीचा टणकपणा मोजणारा हात टेकणार होता. हात टेकला तो झाकणावरच.

व्हेनेरा १३ ला ३२ मिनिटं जगवायचं ठरलं होतं, ते १२७ मिनिटं जगलं. शुक्राच्या जमिनीवरचा हा विक्रम आजही कायम आहे. मंगळावर ऑपर्च्युनिटी गाडी चौदा वर्षांहून अधिक काळ चालली, त्याच्याशी ताडून पाहा. ही १२७ मिनिटं मिळवली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. कुपी मूळ यानापासून सुटण्याआधीच आतून गोठणबिंदूच्या खाली थंड करून ठेवली होती. कवच टायटॅनियमचं, त्यावर उष्णतारोधक थर. आणि आत लिथियम नायट्रेटचा एक क्षार, जो ३० अंशांना वितळतो. बर्फाचं पाणी होईपर्यंत सरबत थंडच राहतं, तसा हा क्षार पूर्ण वितळेपर्यंत उष्णता गिळत राहतो आणि यंत्रं वाचतात. क्षार संपला की खेळ संपला.

त्या दोन तासांत यानानं जमिनीला भोक पाडून चिमूटभर खडक आत ओढला आणि क्ष-किरणांनी तपासला. व्हेनेरा १४ नंही तेच केलं. उत्तर आलं : बसाल्ट. व्हेनेरा १४ च्या खालचा खडक तर थोलिआइटिक म्हणतात त्या जातीचा, ज्या जातीच्या लाव्ह्यानं आपला सह्याद्री रचला आहे. फोटोत यानाच्या दातेरी कड्याशी थरांच्या सपाट, तडकलेल्या फरश्या दिसतात. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर उघड्या कातळावर जो चालला आहे, त्याला त्या फोटोत ओळखीचं काहीतरी नक्की दिसेल. अजिंठा-वेरूळ ज्या काळ्या पाषाणात कोरलं, त्याच घराण्यातला तो दगड, नारिंगी उजेडात.

आभाळातली गोष्ट वेगळी. जमिनीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर वर दाब पृथ्वीसारखा आणि हवा उन्हाळ्यातल्या दुपारइतकी उबदार असते. फक्त ढग सल्फ्युरिक आम्लाचे. जून १९८५ मध्ये सोव्हिएत वेगा १ आणि २ यानांनी तिथे दोन फुगे सोडले. ते साधारण ४६ तास वाऱ्यावर तरंगत अकरा हजार किलोमीटरच्या आसपास गेले. शुक्र स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत घेतो, तीही उलटी, पण त्याचे वरचे ढग चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतात. हा वारा टिकून कसा राहतो, हे जपानच्या आकात्सुकी यानानं बरंचसं उलगडलं. त्या यानाचं मुख्य इंजिन डिसेंबर २०१० मध्ये नेमकं ऐन वेळी बिघडलं आणि ते शुक्राला ओलांडून पुढे गेलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरून ते परत आलं आणि ७ डिसेंबर २०१५ ला छोट्या इंजिनांच्या जोरावर कक्षेत शिरलं. चिवटपणा म्हणतात तो हा.

संपूर्ण ग्रहाचा नकाशा मात्र रडारनं काढला. नासाचं मॅगेलन १९९० ते १९९४ शुक्राभोवती फिरत होतं. ते तिरक्या दिशेनं रडारलहरी खाली सोडायचं आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपायचं. खडबडीत जागा लहरी सगळीकडे उधळते, म्हणून चित्रात उजळ दिसते. गुळगुळीत जागा त्या पलीकडे घसरवते, म्हणून काळी. अशा रीतीनं ९८ टक्के जमीन कागदावर आली. उत्तरेकडे एक विशाल पठार आहे, त्याला लक्ष्मी पठार हे नाव दिलेलं आहे. शेजारचे मॅक्सवेल पर्वत अकरा किलोमीटर उंच. जवळपास सगळ्या ग्रहावर नावं स्त्रियांची आणि देवींची आहेत, त्यात मॅक्सवेल हा अपवाद. विद्युतचुंबकीय लहरींची समीकरणं मांडणारा माणूस, त्याच लहरींनी हे पर्वत दाखवले.

वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात. विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला सुमारे ३४ किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे, त्याचं नाव 'जोशी'. कल्याणला जन्मलेल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात बावीस वर्षं पुरी होण्याआधी गेलेल्या आनंदीबाई जोशींचं ते. आणखी एक विवर 'झिराड', मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या, बेने इस्रायली समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचं. या दोघींची नावं त्या नकाशावर पाहिली की मला भरून येतं.

विवरांवरून एक गंमत आठवली. आपलं लोणार १.८ किलोमीटर रुंद आहे. लोणार पाडणारा दगड शुक्राकडे गेला असता तर त्या जाड हवेतच फुटून विखुरला असता, जमिनीवर काही उमटलंच नसतं. शुक्रावर दीड किलोमीटरहून लहान विवरं जवळजवळ नाहीतच, आणि सगळी मिळून विवरं हजाराच्या आत. चंद्रावर पाय ठेवायला जागा नाही इतकी विवरं, मग इथे इतकी थोडी का? लाव्ह्यानं जुनी जमीन झाकून टाकली म्हणून. शुक्राचा आजचा पृष्ठभाग सरासरी पन्नासेक कोटी वर्षांच्या आसपासचा मानतात, ग्रहाच्या साडेचार अब्ज वर्षांपुढे अगदी ताजा.

तो लाव्हा आजही वाहतो का? उत्तर तीस वर्षं मॅगेलनच्या जुन्या चित्रांत पडून होतं. अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक यांनी १९९१ च्या फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात टिपलेली एकाच जागेची चित्रं शेजारी ठेवून डोळ्यांनी तपासली. काम किचकट होतं, कारण दोन्ही वेळी यानानं वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं होतं आणि तोच डोंगर दोन चित्रांत दोन तऱ्हेचा दिसत होता. माट मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावर एक मुख फेब्रुवारीत गोल, सुमारे २ चौरस किलोमीटरचं होतं. ऑक्टोबरात ते वेडंवाकडं होऊन ४ चौरस किलोमीटरचं झालं होतं. मार्च २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांनी त्याच जुन्या माहितीत आणखी दोन ठिकाणी नवे लाव्हाप्रवाह दाखवले. शुक्र जिवंत आहे.

आता पुन्हा तिकडे जायची तयारी सुरू आहे. नासाचं दाविंची हवेत कुपी सोडून ड्यूटेरियमचं प्रमाण आणि निष्क्रिय वायू नेमकेपणानं मोजणार आहे, म्हणजे समुद्राच्या त्या भांडणात कोणाचं पारडं जड ते कळेल. व्हेरिटास आणि युरोपचं एनव्हिजन रडारनं नवे नकाशे काढणार आहेत. क्लीव्हलँडच्या नासा केंद्रात सिलिकॉन कार्बाइडची सर्किटं शुक्रासारखी हवा भरलेल्या भट्टीत ५२१ तास उघडी ठेवली, आणि ती चालत राहिली. क्षार वितळण्याच्या शर्यतीतून सुटण्याचा हाच रस्ता दिसतो.

आणि इस्रोही निघाली आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं शुक्र कक्षायान मोहिमेला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले, उड्डाणासाठी मार्च २०२८ ठरवला. यानावर रडार असेल. त्याची पहिली चित्रं आली की मी आधी माट मॉन्सचं ते मुख शोधणार, आता किती पसरलंय ते पाहायला. मग विषुववृत्ताच्या साडेपाच अंश उत्तरेला जोशी विवर.